गेट गेलं, केबिन गेली, आता कवच आलं : आपल्या भागातल्या पोरांनी रेल्वेकडे पाहावं का?

लूपलाइन

सध्या गावात कुणीही भेटलं की एकच विषय. पोरगा आयटीआय करतोय, पोरगी बी.एस्सी. झाली, रेल्वेचे फॉर्म भरायचे की नाही? कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेलं असतं की कवच (गाडीला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) आलं, आता गाड्या आपोआप चालणार, ड्रायव्हर लागणार नाही, स्टेशन मास्तर लागणार नाही, मग चार वर्षं अभ्यास करून हाती काय येणार? मी नागपूर-बल्लारशा पट्ट्यात ऑपरेटिंगला, म्हणजे स्टेशन मास्तर आहे आणि रिटायरमेंट जवळ आली आहे. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. रेल्वेतल्या बाकीच्यांनीही आपापल्या खात्याचं लिहावं.

आधी गेलं काय, ते पाहू. फायरमन गेला. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला या नॅरोगेज गाडीवर १९२१ सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. ते थांबलं तेव्हा कोळसा टाकणाऱ्याचं कसबही त्याच्याबरोबर थांबलं. मग केबिनमन गेला. पूर्वी स्टेशनच्या दोन्ही टोकांना केबिन असायची, लिव्हर ओढून पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) फिरवायचे, सिग्नल पाडायचे, म्हणजे गाडीला मोकळे द्यायचे. बटणांचं पॅनेल आलं, ती माणसं कमी झाली. आता इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग (पॉइंट आणि सिग्नल कॉम्प्युटरने एकमेकांशी बांधलेले) आहे, मी माऊसने रूट लावतो. ब्रॉडगेजवरची विनामाणूस फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली, आणि आता माणूस असलेली फाटकंही एकेक करून अंडरपास नाहीतर उड्डाणपुलाखाली जात आहेत. एका फाटकावर पाळीपाळीने दोन-तीन गेटमन असतात. फाटक गेलं की तेवढ्या जागा गेल्या. तिकीट खिडकीचं तर सांगायलाच नको, मोबाइलवर तिकीट निघतं, यंत्रातून निघतं, आणि छोट्या हॉल्टवर कमिशनवरचा एजंट तिकीट फाडतो.

एका जागेवर बसून ठरलेली एकच क्रिया पुन्हा पुन्हा करायचं काम होतं, ते आधी गेलं. जिथे रुळावर चालत जावं लागतं, हात घालावा लागतो, आणि कुठलाही सिग्नल काही सांगत नसताना निर्णय घ्यावा लागतो, ते काम अजून माणसाकडे आहे. माझ्या मते ते पुढेही राहील, फक्त ते करायला जास्त शिकलेला माणूस लागेल.

एक उदाहरण देतो, म्हणजे बाहेरच्या माणसाला कळेल. रात्रीचे दोन वाजलेत, पावसाळा आहे, कोळशाची मालगाडी लूपवर (मेन लाइनच्या बाजूच्या रुळावर) घ्यायची आहे आणि पॉइंट सेट होत नाही. स्क्रीनवर तेवढा तुकडा लुकलुकत राहतो. पुन्हा प्रयत्न केला, नाही. मग कंट्रोलला कळवायचं, सिग्नलवाल्याला फेल्युअर मेमो द्यायचा, रजिस्टरमध्ये नोंद करायची, क्रँक हँडल काढायचं. पॉइंट्समन टॉर्च, क्लॅम्प आणि कुलूप घेऊन निघतो. त्याने मोटरमध्ये हँडल घातलं की मोटरचा वीजपुरवठा तुटतो, मग हाताने फिरवत पॉइंट आणायचा. पॉइंटची जीभ (हलणारा रूळ) मुख्य रुळाला घट्ट चिकटली का ते वाकून टॉर्चने बघायचं. फट राहिली तर चाक चढलंच म्हणून समजा. मग क्लॅम्प, मग कुलूप, आणि किल्ली माझ्या हातात आल्याशिवाय मी टी/३६९(३बी) लिहीत नाही. तो कागद ड्रायव्हरच्या हातात पडला की तो लाल सिग्नल ओलांडून पंधराच्या स्पीडने आत येतो. हे सगळं होईपर्यंत कंट्रोलर दर दोन मिनिटांनी विचारत असतो, कारण मागे एक्स्प्रेस अडकलेली असते.

यात यंत्राने काय केलं? पॉइंट लागला नाही एवढं सांगितलं, आणि चुकीचा सिग्नल पडू दिला नाही. ते फार मोठं काम आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण गाडी आत घेतली ती पॉइंट्समनच्या वाकण्याने आणि माझ्या सहीने.

आणि हे काम येणारी माणसं कमी झाली तर काय होतं ते आपण १७ जून २०२४ ला पाहिलं. बंगालमध्ये रंगापानीजवळ ऑटोमॅटिक सिग्नल सकाळपासून बंद होते, गाड्या कागदी परवान्यावर चालल्या होत्या, आणि मालगाडी मागून कांचनजंगा एक्स्प्रेसवर आदळली. सिग्नल बंद असताना गाड्या कशा चालवायच्या याचं प्रशिक्षण आणि समुपदेशन अपुरं होतं, यावर चौकशीत बोट ठेवलं गेलं. सिग्नल जितके भरवशाचे होतात तितकी हाताने काम करायची वेळ क्वचित येते, आणि क्वचित येणारं काम माणूस विसरतो. म्हणून मी म्हणतो की या खात्यात माणसं कमी करण्याआधी दहादा विचार व्हावा, आणि जी घ्यायची ती नीट शिकवून घ्यावी.

बाकीचे बोला. विशेषतः ट्रॅकवाले आणि रनिंगवाले (गाडीवर चालणारे).

कळंबकर

मास्तरसाहेब, नमस्कार. आमच्या भागात रेल्वे पहिल्यांदाच पोचली. वर्धा-कळंब गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, पुढे यवतमाळ-नांदेडचं काम चालू आहे. गावात सगळ्यांना वाटलं होतं की आता पोरांना काम मिळेल. पण स्टेशनं नवीन, सगळं कॉम्प्युटरवर, आणि दिसतात ते चारदोन कर्मचारीच, तेही बाहेरचे. माझा पोरगा बारावी झाला. नवीन लाइनवर माणसं घेतातच कमी, असं आहे का?

लूपलाइन

कळंबकर भाऊ, दोन गोष्टी वेगळ्या करा. रेल्वेची भरती गावावरून होत नाही. आरआरबी (रेल्वे भरती मंडळ) झोननुसार घेते, आणि तुमच्या पोराला कळंबला काम मिळेल की भुसावळला की सोलापूरला, ते त्याच्या हातात नसतं. दुसरं म्हणजे नवीन लाइनवर सुरुवातीपासूनच आधुनिक सिग्नलिंग असतं, म्हणून स्टेशनात माणसं कमी दिसतात. पण रूळ टाकले की ते सांभाळायला गँग लागतेच.

आणि आपल्याकडे रूळ वाढतच आहेत. गोंदिया-बल्लारशा दुहेरीकरणाला एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, २४० किलोमीटर. वर्धा-भुसावळ तिसरी-चौथी लाइन, ३१४ किलोमीटर, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली. इटारसी-नागपूर चौथी लाइन आहे. वडसा-गडचिरोलीचं काम सुरू आहे. कोळसा, सिमेंट, आता गडचिरोलीचं लोखंड, हे सगळं मालगाडीनेच जाणार. विदर्भात रेल्वेचं काम घटत नाहीये. त्या कामात आपल्या पोराची जागा कुठली, एवढंच शोधायचं आहे.

चावीवाला

मी कीमन हाय, लोक चावीवाला म्हणतेत. मास्तरसाहेबानं बरोबर लिवलं.

माह्या बीटात सहा-सात किलोमीटर रूळ येते. सकाळी उजाडलं की निघतो. खांद्यावर पाना, हातोडा, लाल-हिरवी झेंडी, डिटोनेटर (धोका असला तं रुळावर लावायचा फटाका), पान्याची बाटली. जातांना एका रुळावर नजर, येतांना दुसऱ्यावर. क्लिप निघाली असन तं ठोकतो, जॉइंट पायतो, वेल्ड पायतो. हातोड्याचा आवाज बद्दलला की समजते. मे महिन्यात चंद्रपूरकडं पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जाते, आन रूळ त्याहून गंज जास्त तापते. त्यावर हात ठेवता येत नायी. लांब वेल्डेड रुळाले पसरायले जागा नसते. बाजूची गिट्टी कमी असली तं दुपारी रूळ वाकडा होऊन जाते. त्यासाठी दुपारची उन्हाळी गस्त रायते. थंडीत उलटं, रूळ आकसते आन तडकते.

मशीनीचं म्हणाल तं आमी मशीनीले नावं ठेवत नायी. माह्या बापाच्या टायमाले स्लीपरखाली गिट्टी बीटरनं ठोकून बसवाले अख्खी गँग लागे. आता टॅम्पिंग मशीन येते, ब्लॉक घेते (तेवढा टाइम गाड्या बंद) आन चारदोन घंट्यात करून जाते. बापाची कंबर गेली त्या कामात. माही शाबूत हाय. रुळाच्या पोटातली चीर अल्ट्रासोनिकवाले शोधून काढते, ते आमाले डोळ्यानं कधी दिसलीच नसती. पण ते रंगाची खूण मारून निघून जाते. तिथं जॉगल पट्टी (चिरेले आधार देनारी पट्टी) लावते कोन? रूळ कापून बद्दलते कोन? गँगच.

भ्या एकाच गोष्टीचं हाय. मशीन आली म्हणून गँगमधले मानसं कमी केले, आन मशीन करत नायी ते काम तेवढंच रायलं. मंग आठ जनाचं काम पाच जन करते. गाड्या वाढल्या, स्पीड वाढला, दोन गाड्यांच्या मंधातला टाइम कमी झाला. मागून गाडी कवा येते ते वाकून काम करतांना समजत नायी. काही ठिकानी 'रक्षक' म्हणून यंत्र देल्लं हाय, गाडी जवळ आली की वाजते. ते हरेक गँगले भेटलं पायजे. आटोमेशन करायचं तं पयले ते करा.

पोट्ट्यायले एकच सांगतो. ट्रॅकमन म्हणून भरती झाले म्हणून लाज वाटू देऊ नका. आमच्या गँगमंधी बी.ए., बी.एस्सी. झालेले पोट्टे हायेत. दोन जन जीडीसीई देऊन वर गेले, एक सहायक लोको पायलट झाला, दुसरा स्टेशन मास्तरच्या ट्रेनिंगले भुसावळले हाय.

लूपलाइन

चावीवाले दादा, मनापासून आभार. जीडीसीईबद्दल इतरांसाठी सांगतो. ही खात्यातल्या खात्यातली स्पर्धा परीक्षा आहे. ठरावीक नियमित नोकरी झाली की लेव्हल १ चा (सगळ्यात खालच्या पायरीचा, ट्रॅकमन-पॉइंट्समन वगैरे) माणूस वरच्या पदासाठी बसू शकतो, आणि तिथे सगळ्या देशाशी स्पर्धा नसते, आपल्या झोनमधल्या सहकाऱ्यांशी असते. बाहेर बसून एकाच मोठ्या पदाची वाट बघण्यापेक्षा खालच्या पायरीवर आत शिरून वर चढणं आपल्या पोरांना जास्त परवडतं. घरात पगार येत राहतो, हे साधं कारण.

सरळसांगतो

लूपलाइन साहेब, आदर ठेवून असहमत आहे. तुम्ही आत आहात म्हणून तुम्हाला पायऱ्या दिसतात, बाहेरून फक्त बंद दार दिसतं. मी यवतमाळ जिल्ह्यातला. अमरावतीला खोली करून राहिलो, वडिलांनी दोन एकर गहाण ठेवले. २०२५ ची लेव्हल १ ची जाहिरात ३२,४३८ जागांची, अर्ज एक कोटीच्या वर. हिशेब तुम्हीच करा. २०१९ ला हीच जाहिरात एक लाखाहून जास्त जागांची होती, आणि तिची परीक्षा व्हायला २०२२ उजाडलं. तोवर कितीतरी पोरांची लग्नं अडली, वयं वाढली.

जागा यंत्रामुळे कमी झाल्या असं मला पूर्ण पटत नाही. कितीतरी जागा कंत्राटदाराकडे गेल्या आहेत. गाडीतली साफसफाई, स्टेशनची देखभाल, साइडिंगवरची कामं, ट्रॅकची कितीतरी कामं. माणूस तिथेच आहे, काम तेच आहे, फक्त तो रेल्वेचा राहिला नाही. त्याला पगार किती आणि पीएफ भरला जातो की नाही, हे कोण बघतं? 'ऑटोमेशन' म्हटलं की सगळ्यांना वाटतं हे होणारच होतं, कुणी ठरवलेलं नाही. कंत्राटीकरण कुणीतरी ठरवून केलेलं असतं. त्यावर बोलायला हवं.

लूपलाइन

तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मी खोडत नाही. कंत्राटाचा मुद्दा माझ्या लिहिण्यात आला नव्हता, तो तुम्ही आणलात ते बरं केलंत. माझ्याच स्टेशनवर साफसफाईला येणाऱ्या बाईंना हातात किती मिळतात ते मला माहीत आहे.

परीक्षांच्या बाबतीत थोडी सुधारणा आहे. २०२४ पासून सहायक लोको पायलट, टेक्निशियन, एनटीपीसी (स्टेशन मास्तर, क्लार्क वगैरे पदं), लेव्हल १ यांच्या जाहिराती दरवर्षी ठरावीक काळात काढायचं धोरण आलं आहे. सहायक लोको पायलटच्या ५,६९६ जागा जाहीर झाल्या होत्या, रंगापानीचा अपघात झाला त्याच महिन्यात त्या १८,७९९ केल्या. माणसं हवी होती, घेतली नव्हती, हे त्यातून उघड झालं. त्याचं मला वाईटच वाटतं, अपघाताची वाट बघायला नको होती.

आणि त्या ३२,४३८ मधली एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात घ्या. त्यातल्या १३,१८७ जागा ट्रॅक मेंटेनरच्या होत्या, ५,०५८ पॉइंट्समनच्या. यंत्रं आल्यावरही रेल्वेला सगळ्यात जास्त माणूस कुठे लागतो ते या आकड्यांतच आहे.

सहचालक_भंडारा

मी सहायक लोको पायलट आहे, मालगाडीवर. आमच्या भागात मुली या कामाला येतात याचं अजून लोकांना नवल वाटतं. कवचबद्दल खूप काहीबाही बोललं जातं म्हणून लिहिते.

कवच गाडी चालवत नाही. रुळात स्लीपरवर टॅग बसवलेले असतात, स्टेशनला टॉवर असतो, इंजिनात कॉम्प्युटर. पुढचा सिग्नल लाल आहे आणि ड्रायव्हरने ब्रेक लावला नाही तर कवच ब्रेक लावतं. स्पीड मर्यादेबाहेर गेला तर आवरतं. फाटकाजवळ शिट्टी आपोआप वाजवतं. धुक्यात सिग्नल दिसत नाही तेव्हा समोर स्क्रीनवर दाखवतं. दक्षिण मध्य रेल्वेवर १,४६५ किलोमीटरवर आधी बसवलं, जुलै २०२४ मध्ये सुधारित ४.० आवृत्तीला मान्यता मिळाली. मला ते माझ्या इंजिनात हवं आहे, आज हवं आहे. रात्री तीन-चारच्या सुमाराला, सलग दुसऱ्या नाइटला, डोळ्यांवर काय येतं ते रनिंगवाल्यालाच माहीत.

पण सिग्नल बघणं हा माझ्या कामाचा एक भाग आहे. मागे ५८-५९ वॅगन असतात, भरल्यावर पाच हजार टनांच्या आसपास. वळणावर मी मागे वळून बघते, कुठे धूर आहे का, ब्रेक जाम होऊन चाक तापलंय का, दार लोंबतंय का. गोंदिया-चांदा फोर्ट मार्गावर नागभीड-मूलच्या जंगलात एकदा ब्रेकच्या हवेचं प्रेशर पडलं आणि गाडी उभी राहिली. कुठल्या वॅगनचा पाइप सुटला ते शोधायला कुणीतरी उतरावंच लागतं. हातात टॉर्च, बाजूला काळोख, गिट्टीवर पाय मुरगळत एकेक वॅगन बघत जायचं, आणि हा वाघांचा भाग आहे. मी वॉकीटॉकीवर लोको पायलट सरांशी बोलत बोलत गेले. पाइप सापडला, जोडला, परत आले, प्रेशर बनलं, निघालो. हे करायला कुठलं यंत्र येणार आहे?

मला भीती वेगळी आहे. उद्या म्हणतील, कवच आहे ना, मग सहायक कशाला, एकच माणूस पुरे. मालगाडीच्या शेवटच्या डब्याला टेलिमेट्रीचं (तिथली खबर इंजिनात देणारं) यंत्र लावून गार्डशिवाय चालवायचे प्रयोग झालेच आहेत. तसं झालं तर त्या जंगलात उतरणारा एकटाच, आणि इंजिन सोडून उतरणार कोण?

मुलींना सांगेन, या. किलोमीटरचा भत्ता धरून पैसे बरे मिळतात. पण इंजिनात टॉयलेटची सोय आणि रनिंग रूममध्ये (ड्यूटीनंतर बाहेरगावी विश्रांती घेतो तिथे) मुलींना वेगळी खोली, हे विचारूनच या, आणि आल्यावर मागत राहा. आम्ही मागतोय.

पुलगाव_ते_पर्थ

ताई, तुमचा शेवटचा मुद्दा वाचून राहवलं नाही. मी मूळचा पुलगावचा, खाणकाम क्षेत्रात आहे, इकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात. खरोखर ड्रायव्हरविना चालणारी अवजड मालगाडी इथेच आहे. पिलबारामध्ये रिओ टिंटोने २०१८ च्या जुलैमध्ये पहिली गाडी लोखंडाचा माल घेऊन ड्रायव्हरशिवाय नेली, पुढच्या वर्षी पूर्ण व्यवस्था सुरू झाली. साधारण १,७०० किलोमीटरचं जाळं, आणि नियंत्रण तिथून दीड हजार किलोमीटरवर पर्थमध्ये.

पण तो प्रदेश कसा आहे ते सांगायला हवं. रूळ त्यांचेच, खाण त्यांचीच, बंदर त्यांचंच. प्रवासी गाडी नाही. रुळाकाठी वस्ती जवळजवळ नाही. आपल्याकडे हिंगणघाटपासून वरोऱ्यापर्यंत रुळाच्या कडेला किती ढोरं, किती माणसं, किती पायवाटा! आणि त्याच रुळावर राजधानी, पॅसेंजर, कोळसा, सगळं. तिथलं यंत्र इथे आणून बसवता येत नाही.

उलट बाजूही सांगतो. अमेरिकेत कवचसारखी पीटीसी व्यवस्था २०२० अखेर ठरलेल्या सगळ्या मार्गांवर बसली. तिथल्या कंपन्यांना इंजिनात एकच माणूस हवा होता. तरी २०२४ च्या एप्रिलमध्ये सरकारने, काही अपवाद ठेवून, दोन माणसं असावीत असा नियम केला. कॅनडात लॅक-मेगँटिकला २०१३ मध्ये एकट्या माणसाच्या ताब्यातली तेलाची गाडी रात्री उतारावरून सुटली आणि गावात घुसली, ४७ माणसं गेली. त्यामुळे सहायक कशाला असं कुणी म्हणालं तर हे दाखले तुमच्या संघटनेने मांडावेत.

कापूसवाडी

मी शेतकरी. एवढंच सांगतो, आमचं फाटक बंद करून अंडरपास केला. जून ते सप्टेंबर त्यात कमरेएवढं पाणी. बैलगाडी जात नाही, ट्रॅक्टर अडकतो, पोरं शाळेत जायला रूळ ओलांडतात. पूर्वी गेटमन होता तो गाडी आली की पोरांना थांबवायचा. त्याचं नाव गावात सगळ्यांना माहीत होतं. फाटक गेलं त्याचं दुःख नाही, पण त्या जागी पाणी उपसायला एक पंप आणि एक माणूस तरी द्यायचा होता.

रिले_रूम

सिग्नल आणि टेलिकॉम खात्यातून लिहितोय. कुणी विचारलं नाही म्हणून स्वतःहून सांगतो, कारण माझ्या मते आपल्या पोरांसाठी सगळ्यात मोठं दार हेच आहे आणि त्याची गावात कुणाला माहितीच नाही.

वर ज्या ज्या जागा गेल्या म्हणून लिहिलंय, त्या प्रत्येक ठिकाणी आमचं एक यंत्र आलंय. केबिनच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग, गेटमनच्या डोळ्यांच्या जागी सिग्नलशी जोडलेलं इंटरलॉक फाटक, लाइन रिकामी आहे का ते बघायला चाकं मोजणारा ॲक्सल काउंटर, आता कवच. हे सगळं कुणीतरी बसवतं, तपासतं, बिघडलं की रात्री उठून जातं. उंदराने केबल कुरतडली, वीज पडून कार्ड उडालं, जेसीबीने केबल तोडली, पावसात ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते सांगणारं) बंद पडलं. विदर्भात उन्हाळ्यात वीज कडाडली की आम्ही फोन उशाशी घेऊन झोपतो.

पण या कामात जबाबदारीही तेवढीच. २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहनगा बाजार स्टेशनला जे झालं ते सिग्नलच्या सर्किटमधल्या चुकीच्या जोडणीमुळे. फाटकाचं बॅरियर बदलायचं काम चालू होतं, जोडणीत आधीचाही दोष होता, आणि मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळालेली कोरोमंडल लूपलाइनवर उभ्या मालगाडीवर गेली. दोनशे नव्वदच्या वर माणसं गेली. ड्रायव्हरने काहीही चूक केली नव्हती. ऑटोमेशनच्या काळात माणसाची चूक संपत नाही, ती इंजिनातून रिले रूममध्ये (सिग्नलची सर्किटं असतात त्या खोलीत) येते. म्हणून गाड्या थांबल्यात, लवकर दुरुस्त करा, असा दबाव आला तरी डिस्कनेक्शन मेमो (यंत्र कामासाठी बंद ठेवल्याचा कागद) घेतल्याशिवाय आणि पूर्ण टेस्टिंग केल्याशिवाय यंत्र परत द्यायचं नाही. हे ज्याला जमतं त्यानेच यावं.

यायचं कसं? दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन अशा ट्रेडमध्ये आयटीआय असेल तर टेक्निशियन ग्रेड ३, सुरुवातीचं मूळ वेतन १९,९००. बी.एस्सी. फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स किंवा आयटी, अथवा त्याच शाखांमधला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा असेल तर टेक्निशियन ग्रेड १ सिग्नल, मूळ वेतन २९,२००. वर्धा, यवतमाळ, गडचिरोलीच्या कॉलेजांतून दरवर्षी किती पोरं फिजिक्स घेऊन बी.एस्सी. होतात आणि मग बी.एड.च्या रांगेत उभी राहतात! त्यांतल्या बहुतेकांना ही जागा माहीत नसते. २०२४ मध्ये या ग्रेड १ च्या १,०९२ जागा होत्या. पुढे सिकंदराबादच्या इरिसेट संस्थेत शिकायला मिळतं, आणि तिथे शिकलेलं मेट्रोत, खासगी सिग्नल कंपन्यांत कुठेही चालतं.

इंजिनच्या बाजूलाही बघा. १२,००० अश्वशक्तीचं डब्ल्यूएजी-१२बी इंजिन सांभाळायचे डेपो सहारनपूरला आणि आपल्या नागपूरला आहेत. ती दुरुस्ती पाना-हातोड्याची राहिलेली नाही, लॅपटॉप लावून दोष शोधावा लागतो.

सरळसांगतो

रिले_रूम, हे मला कुणी पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. मी फिजिक्सच घेतलं होतं. वयाची अट अजून दोन वर्षं पुरते. पुढची जाहिरात आली की भरतो.

रिले_रूम

भाऊ, नक्की भरा. अभ्यासक्रमात बेसिक सायन्स आणि इंजिनिअरिंगचा भाग मोठा असतो, तो तुमचा झालेला आहे. शंका असली की इथेच विचारा, मी दिसलो नाही तरी कुणीतरी उत्तर देईलच.

आयटीआय_आर्णी

सर्वांना नमस्कार. मी आयटीआय इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लूपलाइन काका, तुम्हाला विचारायचं होतं. मला लोको पायलटच व्हायचं आहे, लहानपणापासून. पण वरचं वाचून गोंधळलो. सहायकाची जागा राहील ना? की सिग्नलकडे जाऊ? आणि आयटीआय संपल्यावर मधल्या काळात काय करू? मला चष्मा आहे, मित्र म्हणतो ऑपरेशन करून घे.

लूपलाइन

बाळा, ऑपरेशन अजिबात करू नकोस, आधी हे वाच. सहायक लोको पायलटला ए-१ मेडिकल लागतं, दोन्ही डोळे चष्म्याशिवाय ६/६, आणि रंगांची ओळख पक्की. लेसर करून नंबर घालवलेला उमेदवार या पदाला चालत नाही, मेडिकलला तपासतात. परीक्षा पास होऊन शेवटच्या टप्प्यावर मेडिकलला परत गेलेली पोरं मी पाहिली आहेत, त्यांच्या आईवडिलांचे चेहरे बघवत नाहीत. चष्मा लागला आहे म्हणजे तो रस्ता तुझ्यासाठी बंद आहे असंच धरून चाल. वाईट वाटेल, पण आज कळलेलं बरं.

तुझा इलेक्ट्रिशियन ट्रेड टेक्निशियनला चालतो, आणि तिथल्या कितीतरी पदांना चष्मा चालतो. जाहिरातीत प्रत्येक पदासमोर मेडिकलचा वर्ग छापलेला असतो, बी-१, सी-१ असा. फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरताना तो रकाना बघून भर, मित्राने भरला म्हणून तसाच भरू नकोस. आधी यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन नंबर आणि कलर व्हिजन दोन्ही तपासून घे.

मधल्या काळासाठी ॲप्रेंटिसशिप कर. नागपूरला दोन झोनची कामं आहेत, मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, शिवाय मोतीबाग वर्कशॉप. निवड दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर होते, वेगळी परीक्षा नसते. ॲप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल १ भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे दुसऱ्या वर्षाचे मार्क तुला थेट उपयोगी पडतील, ते सांभाळ.

लेव्हल १ भरायचं असेल तर धावायची तयारीही ठेव. १,००० मीटर ४ मिनिटं १५ सेकंदांत, आणि ३५ किलो वजन उचलून १०० मीटर २ मिनिटांत, ते मध्ये खाली ठेवायचं नाही. तुमच्या आर्णीत शाळेचं मैदान असेलच. उन्हं चढायच्या आत जात जा. मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर लागत असेल तर ते, सगळ्यांवरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते या आठवड्यात बघून घे, दुरुस्तीला वेळ लागतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी इथे लिही, कुठे काय करायचं ते सांगतो.